अदृश्य आकाशाचा चित्रकार : सर मार्टिन राईल

(आकाशातील ज्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची चित्रे मिळवण्याचा मार्ग ज्यांनी दाखवला त्या सर मार्टिन राईल यांचे चरित्र या पाठात सांगितले आहे. एकच भली मोठी दुर्बीण बांधणे शक्य नव्हते. तेव्हा अनेक लहान दुर्बिणी, पृथ्वीचे फिरणे आणि गणित यांची सांगड घालून त्यांनी ते काम साधले. त्यांच्या कामातील चूक इतरांनी दाखवली तेव्हा त्यांनी काय केले आणि उतारवयात त्यांना कोणती काळजी वाटू लागली, हेही या पाठातून समजेल.)

रात्री आकाश निरभ्र असले की आपल्याला हजारो तारे दिसतात. माणूस प्राचीन काळापासून हे आकाश पाहत आला आहे. अब्दुर्रहमान अल-सूफी या इराणी खगोलशास्त्रज्ञाने इ.स. ९६४ मध्ये ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने देवयानी तारकासमूहातील एका लहानशा ढगाची नोंद केली. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच एक दूरची दीर्घिका होती, हे कळायला पुढे जवळजवळ एक हजार वर्षे लागली. इ.स. १६०९ मध्ये गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि माणसाची नजर आणखी दूर पोचली. पण या सर्वांनी जे पाहिले ते प्रकाशाच्या साहाय्याने. आकाशातून आपल्याकडे प्रकाशाशिवाय आणखीही काही येत असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

हा शोध अचानक लागला. अमेरिकेतील कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर एका टेलिफोन कंपनीत काम करत होता. दूरच्या रेडिओ संभाषणात खरखर कशामुळे येते, हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. १९३२ च्या सुमारास त्याला एक मंद फुसफुस ऐकू आली. ती दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येई. तारेही रोज चार मिनिटे लवकर उगवतात. यावरून त्याने ओळखले, की हा आवाज पृथ्वीवरचा नसून आकाशगंगेतून येत आहे. आकाश रेडिओ लहरी पाठवत होते! पण या लहरींनी आकाशाचे चित्र कसे काढायचे, हे कोणालाच माहीत नव्हते. ते काम मार्टिन राईल यांनी केले.

मार्टिन राईल यांचा जन्म २७ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांचे वडील जॉन राईल हे नामांकित डॉक्टर होते. पुढे ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. मार्टिन यांना लहानपणापासून स्वतःच्या हातांनी वस्तू बनवण्याची आवड होती. शाळेत असतानाच त्यांना रेडिओचा नाद लागला. स्वतः जोडलेल्या यंत्रावरून ते दूरदूरच्या हौशी लोकांशी संपर्क साधत. या छंदाचा पुढे सगळ्या जगाला उपयोग होणार होता. १९३९ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी मिळवली.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. तरुण राईल यांना सरकारी रडार संशोधन केंद्रात कामाला घेण्यात आले. रडार म्हणजे रेडिओ लहरी सोडून दूरचे विमान किंवा जहाज ओळखण्याचे साधन. शत्रूच्या रडारला चकवणारी आणि गोंधळात टाकणारी यंत्रे बनवण्याचे काम राईल यांच्याकडे आले. वेळ थोडा, सामान अपुरे आणि एका चुकीमुळे वैमानिकांचे प्राण जाण्याची भीती! अशा परिस्थितीत ते सहा वर्षे राबले. मिळेल त्या वस्तूंतून उपकरण कसे उभे करावे, हे ते तेथे शिकले. पण युद्धाने त्यांचे मनही थकवून टाकले.

१९४५ मध्ये युद्ध संपले. राईल केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आले. सूर्यापासून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास करावा, असे त्यांचे मार्गदर्शक जॅक रॅटक्लिफ यांनी सुचवले. प्रयोगशाळेत पैशांची टंचाई होती. राईल यांनी युद्धात वापरलेली आणि आता कोणाला नको असलेली यंत्रे, तारा आणि अँटेना गोळा केल्या. जर्मन सैन्याकडून हस्तगत केलेल्या रडारच्या तबकड्याही पुढे केंब्रिजच्या कामी आल्या. एकेकाळी शत्रूच्या विमानांचा माग काढणाऱ्या तबकड्या आता आकाशातील ताऱ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

येथे एक मोठी अडचण होती. दुर्बिणीने किती बारीक दिसेल, हे दोन गोष्टींवर ठरते. दुर्बीण जितकी रुंद, तितके बारीक दिसते; आणि लहर जितकी लांब, तितके अस्पष्ट दिसते. रेडिओ लहरी प्रकाशाच्या लहरींपेक्षा लाखो पटींनी लांब असतात. समजा, लहरींची लांबी एक मीटर आहे. आपला साधा डोळा जितके बारीक पाहतो, तितकेच या लहरींनी पाहायचे असेल, तर तीन-साडेतीन किलोमीटर रुंदीची तबकडी लागेल. एवढी तबकडी बांधणार कोण आणि ती वळवणार कशी?

राईल यांनी निराळी वाट धरली. एका मोठ्या तबकडीऐवजी त्यांनी एकमेकींपासून दूर असलेल्या दोन लहान अँटेना घेतल्या आणि त्या तारेने एकाच यंत्राला जोडल्या. तळ्यात दोन दगड टाकले, की दोन्हीकडून लाटा पसरतात. जेथे उंचवटा उंचवट्याला भेटतो, तेथे पाणी जास्त उसळते. जेथे उंचवटा खळग्याला भेटतो, तेथे पाणी शांत राहते. दोन अँटेनांत पकडलेल्या लहरींचेही तसेच होते. पृथ्वी फिरते, तशी आकाशातील वस्तू सरकते. मग दोन्ही लहरी कधी एकमेकींना जोर देतात, तर कधी एकमेकींना पुसून टाकतात. यंत्राचा काटा वरखाली होत राहतो. वस्तू लहान असेल तर हा चढउतार ठळक असतो. वस्तू पसरट असेल तर तो फिका पडतो. या चढउतारावरून वस्तूची जागा आणि आकार यांचा अंदाज बांधता येतो.

१९४६ च्या उन्हाळ्यात सूर्यावर एक मोठा डाग दिसत होता. राईल आणि त्यांचे सहकारी डेरेक व्हॉनबर्ग यांनी आपल्या दोन अँटेना सूर्याकडे लावल्या. जोरदार रेडिओ लहरी संपूर्ण सूर्यातून नव्हे, तर त्या डागाएवढ्या लहान भागातूनच येत आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनी येथेही जोसेफ पॉसी, रुबी पेन-स्कॉट आणि त्यांचे सहकारी असाच शोध घेत होते. या नव्या शास्त्रात केंब्रिज आणि सिडनी यांच्यात जणू चुरस लागली होती.

पुढे १९५१ मध्ये राईल यांचे सहकारी ग्रॅहॅम स्मिथ यांनी आकाशातील दोन अतिशय जोरदार रेडिओ स्रोतांच्या जागा अचूक मोजल्या. त्यांपैकी एक हंस तारकासमूहात होता. त्याला सिग्नस-ए असे म्हणतात. अमेरिकेतील पालोमार येथील मोठ्या दुर्बिणीने त्या जागेचे छायाचित्र घेतले, तेव्हा तेथे एक अंधूक दीर्घिका दिसली. ती कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर होती. म्हणजे रेडिओ लहरी आपल्याला विश्वाच्या दूरदूरच्या भागात नेऊ शकतात, हे सिद्ध झाले. १९५३ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉजर जेनिसन आणि भारतीय शास्त्रज्ञ मृणालकुमार दासगुप्ता यांनी सिग्नस-एच्या लहरी एका ठिकाणाहून नव्हे, तर शेजारशेजारच्या दोन भागांतून येतात असा शोध लावला.

आता राईल यांनी संपूर्ण आकाशाची मोजणी हाती घेतली. १९५५ मध्ये त्यांच्या गटाने १९३६ रेडिओ स्रोतांची यादी जाहीर केली. त्यांत अंधूक, म्हणजे दूरचे स्रोत, अपेक्षेपेक्षा फार जास्त होते. दूरच्या दीर्घिकेपासून निघालेल्या लहरी आपल्यापर्यंत पोचायला फार काळ लागतो. म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे होय. यावरून पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा वेगळे होते, असे राईल म्हणू लागले. केंब्रिजमध्येच फ्रेड हॉयल हे नावाजलेले शास्त्रज्ञ होते. विश्व नेहमी सारखेच असते, असा त्यांचा सिद्धांत होता. दोघांत मोठा वाद सुरू झाला.

पण सिडनीच्या शास्त्रज्ञांनी आकाशाचा तोच भाग तपासला, तेव्हा दोन्ही याद्या जुळेनात. केंब्रिजच्या यंत्राला फार बारीक दिसत नव्हते. त्यामुळे जवळजवळ असलेले अनेक अंधूक स्रोत एकत्र मिसळून एकच मोठा स्रोत असल्याचा भास झाला होता. यादीतील पुष्कळ नोंदी खोट्या ठरल्या. राईल यांच्यासाठी हा मोठा धक्का होता. ते स्वभावाने तापट होते. टीका त्यांना लवकर झोंबत असे. तरीही ते रुसून बसले नाहीत. त्यांनी यंत्र सुधारले, मोजणी पुन्हा केली आणि १९५९ मध्ये ४७१ स्रोतांची नवी यादी प्रसिद्ध केली. ही यादी लहान होती, पण अधिक भरवशाची होती. आजही खगोलशास्त्रज्ञ त्या यादीतील क्रमांक वापरतात.

१९६१ मध्ये आणखी चांगल्या मोजणीच्या आधारे राईल यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. तेव्हा हॉयल यांच्या बाजूने लंडनच्या सभेत उत्तर द्यायला त्यांचा एक तरुण विद्यार्थी उभा राहिला. तो विद्यार्थी म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर. वाद पुढे बरीच वर्षे चालला. पण नंतर मिळालेल्या पुराव्यांमुळे बहुतेक शास्त्रज्ञांनी विश्व बदलत आले आहे, हेच मान्य केले.

या वादातून राईल एक गोष्ट शिकले. स्पष्ट चित्र हवे असेल, तर दुर्बीण आणखी रुंद हवी. येथे त्यांची सर्वांत मोठी कल्पना कामाला आली.

समजा, एका प्रचंड तबकडीचे आपण अनेक तुकडे केले. सर्व तुकडे एकाच वेळी जागेवर असण्याची गरज आहे का? राईल म्हणत, नाही. आकाशातील दीर्घिका रोज बदलत नाही. म्हणून आज दोन अँटेना एका अंतरावर ठेवून मोजावे, उद्या दुसऱ्या अंतरावर ठेवून मोजावे. जवळच्या जोडीकडून वस्तूचा ढोबळ आकार कळतो आणि दूरच्या जोडीकडून बारीक तपशील कळतो. अशी सर्व मोजमापे गोळा करून गणिताने जोडली, की प्रचंड तबकडीने दिसले असते तसेच चित्र तयार होते.

पण अँटेना फक्त पुढेमागे सरकवून भागत नाही. त्यांची दिशाही बदलावी लागते. यासाठी राईल यांनी पृथ्वीलाच कामाला लावले. पूर्व-पश्चिम रेषेत उभ्या केलेल्या अँटेनांकडे जर कोणी आकाशाच्या ध्रुवावरून पाहिले, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती रेषा घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसेल. बारा तासांत ती अर्धा फेरा करते. जोडीतील कोणती अँटेना कोणत्या बाजूला आहे याने फरक पडत नाही. म्हणून अर्ध्या फेऱ्यातच पूर्ण वर्तुळाची माहिती मिळते. दुसऱ्या दिवशी अंतर बदलले, की दुसरे वर्तुळ मिळते. अशी एकात एक वर्तुळे भरत गेली, की सारी तबकडी भरते. माणसाने न बांधलेली तबकडी पृथ्वी फिरून रंगवून देते!

या मोजमापांचे गणित हाताने सोडवायला आयुष्य पुरले नसते. सुदैवाने केंब्रिजमध्ये त्या काळातील उत्तम संगणक होता. राईल आणि त्यांच्या सहकारी ॲन नेव्हिल यांनी १९६२ मध्ये या रीतीने आकाशाच्या उत्तर ध्रुवाजवळील भागाचा नकाशा तयार केला. कल्पना खरी ठरली.

केंब्रिजजवळ लॉर्ड्स ब्रिज येथे युद्धकाळात दारूगोळा साठवण्याची जागा होती. १९५७ मध्ये तेथे मुलार्ड वेधशाळा सुरू झाली होती. मुलार्ड कंपनीने तिच्यासाठी एक लाख पौंडांची देणगी दिली होती. तेथे १९६४ मध्ये एक मैल लांबीची दुर्बीण तयार झाली. तिच्यात १८ मीटर व्यासाच्या तीन तबकड्या होत्या. दोन जागेवर स्थिर होत्या आणि तिसरी सुमारे ८०० मीटर लांबीच्या रुळांवर सरकत असे. रेडिओ लहरींनी साध्या डोळ्यापेक्षाही बारीक पाहणारी ही पहिली दुर्बीण होती.

१९७२ मध्ये त्याहून मोठी, पाच किलोमीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. केंब्रिजवरून जाणारा जुना रेल्वेमार्ग बंद पडला होता. तो जवळजवळ पूर्व-पश्चिम होता. राईल यांनी त्याच मार्गावर आठ तबकड्या उभ्या केल्या; चार स्थिर आणि चार रुळांवर सरकणाऱ्या. या दुर्बिणीने सिग्नस-एचे सुंदर चित्र दिले. मध्ये लहानशी दीर्घिका, तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेले दोन प्रचंड ढग आणि ढगांच्या टोकांशी तेजस्वी ठिपके. डोळ्यांना यांतले काहीच दिसत नाही.

राईल यांना अनेक मान मिळाले. १९६६ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९७२ मध्ये ते इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले. १९७४ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी अँटनी ह्यूइश यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आकाशाच्या निरीक्षणासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ह्यूइश यांना ते पल्सर ताऱ्यांच्या शोधातील कामासाठी मिळाले. पण पल्सरची पहिली खूण १९६७ मध्ये ज्या विद्यार्थिनीने पकडली, त्या जॉसेलिन बेल यांचे नाव पारितोषिकात नव्हते. याबद्दल अनेकांना खंत वाटली.

आपली कला यशाच्या शिखरावर असताना राईल यांचे मन दुसरीकडे वळले. अण्वस्त्रांचे साठे वाढत होते. विज्ञानाचा उपयोग माणसांना मारण्यासाठी होतो, हे त्यांनी तरुणपणीच्या युद्धात जवळून पाहिले होते. त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध आणि अणुवीजकेंद्रांविरुद्ध लिहायला सुरुवात केली. इंग्लंडला वाऱ्यापासून वीज मिळू शकते, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले आणि पवनचक्क्यांवर प्रयोग केले. त्यांची ही मते पुष्कळांना पटली नाहीत. पण नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस गप्प बसला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र गप्प बसणे पसंत केले नाही. १४ ऑक्टोबर १९८४ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

राईल गेले, पण त्यांची रीत जगभर पसरली. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे २७ तबकड्यांची दुर्बीण उभी आहे. आपल्या महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारण्यात आल्या. त्यांतील काही तबकड्या एकमेकींपासून २५ किलोमीटर दूर आहेत. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. त्या सगळ्या जोड्या एकाच वेळी मोजमाप करतात आणि पृथ्वी त्यांना फिरवत राहते. २०१९ मध्ये तर जगातील अनेक देशांतील दुर्बिणी एकत्र जोडून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र मिळवण्यात आले. जणू साऱ्या पृथ्वीचीच एक तबकडी झाली!

कधी खोडदच्या बाजूला गेलात, तर त्या पांढऱ्या, जाळीदार तबकड्या जरूर पाहा. त्या एकट्याने फार थोडे पाहतात. मिळून मात्र विश्वाच्या टोकापर्यंत पाहतात.

शब्दार्थ

निरभ्र – ढग नसलेले
दीर्घिका – अब्जावधी ताऱ्यांचा समूह
प्रकाशवर्ष – प्रकाश एका वर्षात जितके अंतर जातो तितके अंतर
स्रोत – जेथून एखादी गोष्ट येते ती जागा, उगम
टंचाई – कमतरता
हस्तगत करणे – ताब्यात घेणे
सांगड घालणे – एकत्र जोडणे
चुरस – स्पर्धा
झोंबणे – मनाला लागणे
अण्वस्त्र – अणूच्या शक्तीवर चालणारे शस्त्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा शोध कोणी लावला?
(आ) पाच किलोमीटर लांबीची दुर्बीण कोणत्या जागेवर उभारण्यात आली?
(इ) सिग्नस-ए हा स्रोत कोणत्या तारकासमूहात आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) राईल यांनी एका मोठ्या तबकडीऐवजी अनेक लहान तबकड्या का वापरल्या?
(आ) १९५५ च्या यादीत कोणती चूक होती? राईल यांनी ती कशी सुधारली?
(इ) दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे, असे का म्हटले आहे?

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
ध्यानीमनी नसणे, नाद लागणे, माग काढणे, रुसून बसणे

४. विचार करा व लिहा.
(अ) चार तबकड्यांच्या किती जोड्या होतील? आकृती काढून मोजा.
(आ) युद्धासाठी बनवलेल्या वस्तूंचा राईल यांनी चांगल्या कामासाठी उपयोग केला. अशी आणखी उदाहरणे शोधा आणि पाच-सहा ओळी लिहा.